ईम: प्लेगच्या साथीत स्वतःला कोंडून घेणारं इंग्लंडमधलं खेडं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेली काही वर्षं मी शेफील्डला राहते. भारतातून पाहुणे आले की त्यांना ईमला घेऊन जाते, आणि परतताना गाडीत जे प्रश्न सुरू होतात ते घर आलं तरी संपत नाहीत. करोनाच्या टाळेबंदीत या गावाची गोष्ट मराठीतही खूप फिरली. तेव्हापासून ओळखीचे-अनोळखी लोक तेच तेच विचारत आले आहेत. ती सगळी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे एकाचा धागा दुसऱ्यात गुंतलाय तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नावाचा उच्चार नेमका काय? इयाम, एयाम की आयम?

ईम. ‘टीम’मधला ट काढला की जे उरतं ते. स्पेलिंगवरून लोक इयाम वाचतात, म्हणून मराठीत तिन्ही रूपं दिसतात. जुन्या इंग्रजीत या नावाचा अर्थ ‘बेटांपाशी’ असा होतो, पण समुद्राचा इथे काही संबंध नाही. ओढ्यांच्या मधल्या उंचवट्याच्या जमिनीलाही तेव्हा बेटच म्हणत.

२. हे गाव कुठे आहे आणि केवढं आहे?

डर्बिशर परगण्यात, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात, शेफील्डपासून वीसेक किलोमीटरवर. हा भाग १९५१ साली इंग्लंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. गावात आज हजाराच्या आत माणसं राहतात. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना करड्या दगडाची घरं, मध्यावर चर्च आणि पाठीशी उंच कडा.

३. प्लेगच्या आधी या गावाला काही इतिहास आहे का?

आहे, आणि तो प्लेगपेक्षा कितीतरी जुना आहे. चर्चच्या आवारात आठव्या-नवव्या शतकातला एक दगडी क्रूस उभा आहे. त्याच्या दांड्याचा काही भाग हरवलाय, तरी वेलींची नक्षी आणि देवदूतांच्या आकृती अजून ओळखू येतात. विल्यम राजाने १०८६ साली करवसुलीसाठी जी गावोगावची मोजदाद करवली तिच्यातही ईमचं नाव आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती पाण्याची गोष्ट. झऱ्यांचं पाणी नळाने आणून गावभर दगडी हौदांत सोडायची सोय इथे १५८८ पासून आहे. त्या काळात एका खेड्याला सार्वजनिक पाणीपुरवठा म्हणजे मोठीच गोष्ट. त्यातले काही हौद आजही रस्त्याकडेला दिसतात.

४. लोक पोट कशावर भरायचे?

मेंढ्या, थोडी शेती आणि मुख्य म्हणजे शिसं. या डोंगरांच्या चुनखडीत शिशाच्या शिरा आहेत आणि त्या शेकडो वर्षं खणल्या गेल्या. खाणींचे कज्जे चालवायला डर्बिशरमध्ये ‘बारमोट’ नावाची वेगळी न्यायसभा असे. ज्याला शीर सापडली त्याने ठरलेल्या रीतीने दावा लावायचा आणि खाण चालू ठेवायची. काम थांबवलं की दुसरा दावा सांगू शके.

पाद्र्याच्या उत्पन्नातही शिशाचा वाटा होता, कारण काढलेल्या खनिजावर त्याचा हक्क लागायचा. म्हणजे या गावात चर्च आणि खाण यांचं नशीब एकत्रच बांधलेलं होतं. प्लेगनंतर गाव कशाने सावरलं ते समजायलाही हे उपयोगी पडतं (प्रश्न १६).

५. एवढ्या आडबाजूच्या गावात प्लेग आला कसा?

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगचा कहर चालू होता. तिथल्या अधिकृत नोंदीत त्या वर्षी प्लेगचे ६८,५९६ बळी आहेत. परंपरेने सांगितली जाणारी हकिकत अशी: ऑगस्टच्या अखेरीस ईममधल्या अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं, म्हणून त्याच्याकडे कामाला असलेल्या जॉर्ज व्हिकर्सने ते चुलीपुढे वाळत घातलं. कापडातल्या पिसवा उबेने जाग्या झाल्या. ७ सप्टेंबरला व्हिकर्स गेला.

यातली नावं आणि मृत्यूच्या तारखा चर्चच्या नोंदीत आहेत. गठ्ठ्याची गोष्ट मात्र पहिल्यांदा छापली गेली ती अठराव्या शतकात, रिचर्ड मीड या लंडनच्या डॉक्टरच्या लेखनात. पिसवांचा भाग तर त्याहून नंतरचा, कारण पिसू प्लेग पसरवते हे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी कळलं. मीडच्या काळचे लोक कापडातच विष भिनलंय असं मानत. गठ्ठ्याची हकिकत पटण्यासारखी आहे, पण डोळ्यांनी पाहिलेल्या कुणाची लेखी साक्ष तिला नाही.

ज्या घरात हे सुरू झालं ते चर्चशेजारी आजही उभं आहे. बाहेरच्या पाटीवर घरातल्या माणसांची यादी आहे: व्हिकर्स, मग २२ सप्टेंबरला चार वर्षांचा एडवर्ड कूपर, २ ऑक्टोबरला त्याचा बारा वर्षांचा भाऊ जोनाथन, पुढच्या ऑगस्टमध्ये सावत्र बाप अलेक्झांडर हॅडफील्ड. आई मेरी तेवढी वाचली. तिची तेरा नातेवाईक माणसं गेली, असं पाटीची शेवटची ओळ सांगते. माझी आई ती पाटी दोनदा वाचून गप्प उभी राहिली आणि मग म्हणाली, “वाचली म्हणायचं का हिला?”

६. साथ सलग चौदा महिने चालली का?

नाही. १६६५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत चाळिशीच्या वर माणसं गेली होती. थंडीत पिसवा मंदावतात, तसा जोर ओसरला. वसंतात थोडेच मृत्यू झाले आणि मे महिन्यात तर अगदी मोजके. सुटलो असंच लोकांना वाटलं असणार. जूनमध्ये ती पुन्हा उसळली. जुलैत पन्नासहून जास्त आणि ऑगस्टमध्ये सत्तरहून जास्त माणसं मेली. १ नोव्हेंबर १६६६ हा शेवटच्या मृत्यूचा दिवस धरतात.

म्हणजे गावबंदीचा निर्णय (प्रश्न ७) साथ सुरू झाल्यावर नऊ महिन्यांनी झाला. गोष्ट सांगताना हे बहुतेक वेळा गळून जातं. ज्यांना जायचं होतं आणि ज्यांची सोय होती त्यांना निघून जायला तो सगळा काळ मोकळा होता.

७. जून १६६६ मध्ये नेमकं काय ठरलं, आणि ठरवलं कुणी?

तीन गोष्टी ठरल्या. मेलेल्याला ज्याच्या त्याच्या घरच्यांनीच पुरायचं, आणि तेही चर्चच्या आवारात न नेता जवळच्या बागेत किंवा शेतात. चर्च बंद ठेवायचं आणि प्रार्थना उघड्यावर, कुकलेट डेल्फ नावाच्या दरीत घ्यायची. तिथे प्रत्येक कुटुंबाने दुसऱ्यापासून अंतर राखून उभं राहायचं. आणि तिसरी म्हणजे गावाची शीव कुणी ओलांडायची नाही.

ठरवणारे दोघे होते आणि त्यांचं एकमेकांशी पटावं असं काहीच नव्हतं. विल्यम मॉम्पेसन हा नवा पाद्री. तिशीही गाठली नव्हती, गावात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि पुष्कळांना तो नकोसाच होता. दुसरा थॉमस स्टॅन्ली, त्याच्या आधीचा, प्युरिटन पंथाचा. काही वर्षं राजाविना काढून इंग्लंडमध्ये राजा परत गादीवर आल्यावर जी सक्तीची प्रार्थनापद्धत आली ती न मानल्यामुळे १६६२ साली त्याला पाळकपद सोडावं लागलं होतं. पुढे १६६५ च्या कायद्याने तर अशा पाद्र्यांना आपल्या जुन्या गावाच्या पाच मैलांत यायलाही मनाई केली. स्टॅन्ली तरी ईममध्येच होता, आणि लोकांचा जीव त्याच्यावर होता. मॉम्पेसनने एकट्याने सांगितलं असतं तर किती जणांनी ऐकलं असतं याची मला शंका आहे. सरकारदरबारी शिक्का असलेला आणि गावाचा विश्वास असलेला, असे दोघं एकत्र उभे राहिले म्हणून ही गोष्ट जमली. फिरत्या मेसेजमधून स्टॅन्लीचं नाव गायब असतं, त्याचं मला फार वाईट वाटतं.

८. शीव बंद केल्यावर खाणं-पिणं कुठून यायचं?

आसपासच्या गावांतून आणि चॅट्सवर्थच्या वाड्यातून. तिथल्या अर्ल ऑफ डेव्हनशरने गावाला अन्न आणि औषधं पुरवली. सामान शिवेवरच्या ठरलेल्या जागी ठेवून आणणारा परत जाई, मग गावातलं कुणी येऊन ते उचली. अशा दोन जागा आजही दाखवतात. उत्तरेला कड्यावर एक झरा आहे, त्याला मॉम्पेसनची विहीर म्हणतात. तिथे पैसे वाहत्या पाण्यात ठेवत. दुसरी जागा म्हणजे शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवरचा शिवेचा दगड.

हा दगड बघायला जरूर जा. कुंपण नाही, काच नाही, मेंढ्या चरतात त्या कुरणात तो पडलेला आहे. वर सहा भोकं आहेत, प्रत्येकात बोटाचं पेर सहज जाईल एवढी. त्यांत व्हिनेगर भरून नाणी टाकायची, म्हणजे पैशाला लागलेला रोग जातो अशी समजूत होती. भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. पावसानंतर त्यांत पाणी साचतं, आणि येणारे-जाणारे त्यात आजही एखादं नाणं टाकून जातात.

९. सगळं गाव खरंच स्वखुशीने थांबलं का?

हा सगळ्यात कठीण प्रश्न, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दाचं उत्तर याला नाही.

मॉम्पेसनने स्वतःची दोन मुलं, जॉर्ज आणि एलिझाबेथ, गावबंदीआधीच बाहेर पाठवली होती. बायको कॅथरीन मात्र राहिली. गावात ज्यांचं बाहेर कुणी होतं, ज्यांच्याकडे पैसा होता, त्यांच्यातलेही काही आधीच गेले. गरीब खाणकामगार कुठे जाणार? प्लेगच्या गावचा माणूस म्हटल्यावर दार उघडणारं कोण होतं? शेफील्डच्या जुन्या हिशेबात, ईममध्ये प्लेग असताना तिकडच्या लोकांना फुलवूडच्या झऱ्यापाशी अडवण्यासाठी केलेल्या खर्चाची नोंद सापडते. बाहेरच्यांनीही वाट अडवली होती.

पॅट्रिक वॉलिस यांच्यासारखे इतिहासकार म्हणतात की ‘संपूर्ण गावाचा त्याग’ ही कथा पुढच्या दोन शतकांत घडवली गेली. त्यांची कागदपत्रांची छाननी मला पटते. पण पहारेकऱ्यांच्या भिंतीने कोंडलेलं गाव असंही चित्र काढता येत नाही. चारी बाजूंनी उघडे डोंगर आहेत. रात्री निघून जाणाऱ्याला अडवायला एवढी माणसं कुणाकडे होती? जुलै-ऑगस्टमध्ये रोज शेजारी मरत असताना बहुतेक लोक जागेवर राहिले आणि साथ इथून शेजारच्या गावांत गेली नाही. नाइलाज होता, धाक होता, श्रद्धा होती आणि शेजारधर्मही होता. एकाच माणसाच्या मनात हे सगळं एका वेळी असू शकतं, हे आपण २०२० मध्ये घरात बसून अनुभवलंच आहे.

१०. नेमके किती लोक मेले? कुठे तीन-चतुर्थांश गाव गेलं म्हणतात, कुठे एक-तृतीयांश.

मृतांच्या आकड्याबद्दल फारसा वाद नाही. २६० च्या आसपास. मॉम्पेसनने नोव्हेंबर १६६६ मधल्या पत्रात ७६ कुटुंबांतली २५९ माणसं असं लिहिलं आहे. आज जी चर्चची नोंदवही आपण पाहतो ती मूळ वहीवरून नंतर उतरवलेली प्रत आहे, त्यामुळे एक-दोन माणसांचा फरक राहतो.

घोळ आहे तो गावाच्या लोकसंख्येत. जुनी पुस्तकं ३५० माणसांचं गाव सांगतात. त्या हिशेबाने चारातले तीन गेले. पण घरातल्या दर चुलीमागे बसणाऱ्या कराच्या याद्या आणि चर्चच्या नोंदी पुढे नीट जुळवल्या तेव्हा गाव सातशे किंवा त्याहूनही मोठं निघालं. म्हणजे तिघांत एकापेक्षा थोडे जास्त गेले. मी दुसरा हिशेब धरते. त्याने दुःख कमी होत नाही. कुणाच्याही घरासमोर उभं राहून तीन माणसं मोजून बघा.

११. घरच्यांनीच घरच्यांना पुरायचं म्हणजे काय करायचे?

एलिझाबेथ हॅनकॉकचं नाव यासाठी लक्षात ठेवावं. गावाबाहेर चढावर राइली नावाच्या जागी तिचं शेतघर होतं. ऑगस्ट १६६६ च्या ३ ते १० तारखांत, आठ दिवसांत, तिचा नवरा जॉन आणि सहा मुलं गेली. सातही खड्डे तिनेच खणले. प्रेताला हात लागू नये म्हणून पायाला फडकं बांधून ती ओढत नेई, आणि पलीकडच्या टेकडीवरून मिडलटनचे लोक बघत उभे राहत, असं सांगतात. नंतर ती शेफील्डला कामाला असलेल्या आपल्या उरलेल्या मुलाकडे निघून गेली.

राइलीचे दगड शेताच्या मधोमध, गोल दगडी भिंतीच्या आत आहेत. गावातून चालत पंधरा-वीस मिनिटांचा चढ. ऑगस्टमध्ये तिथे उभं राहिलं की समोर सगळं हिरवं दिसतं, आणि उन्हात, एकटीने, त्या खडकाळ जमिनीत सात वेळा कुदळ मारणं म्हणजे काय ते अंगावर येतं. ईमच्या गोष्टीत पाद्र्यांना मान मिळतो, मिळायलाच हवा. पण तो ठराव ज्यांनी रोज, एकेका खड्ड्याने पाळला ती ही माणसं आहेत.

ज्यांच्या घरात पुरायलाही कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी मार्शल हाऊ नावाचा दांडगा माणूस होता. त्याला प्लेग होऊन तो बरा झाला होता, म्हणून पुन्हा होणार नाही अशी त्याची खात्री होती. मोबदल्यात तो मेलेल्याचं सामान घेई. त्याची स्वतःची बायको आणि मुलगा प्लेगनेच गेले.

एक अपवादही सांगते. कॅथरीन मॉम्पेसन २५ ऑगस्ट १६६६ ला वारली आणि तिला चर्चच्या आवारातच पुरलं. तिची कबर जुन्या क्रुसाजवळ आहे.

१२. मॉम्पेसन आणि स्टॅन्लीचं पुढे काय झालं?

स्टॅन्ली १६७० मध्ये ईममध्येच वारला. मॉम्पेसनने बायको गेल्यावर मुलांना आणि आपल्या आश्रयदात्याला लिहिलेली पत्रं टिकली आहेत. आपल्यालाही मरण येणार हे धरूनच तो लिहितो. एका पत्रात त्याने गावाला गुलगुथा, कवटीचं ठिकाण, म्हटलं आहे. पुढे त्याला नॉटिंगहॅमशरमधल्या ईक्रिंगला नेमणूक मिळाली. तिथले लोक त्याला इतके बिचकले की सुरुवातीला त्याला गावाबाहेर राहून झाडाखाली प्रवचन करावं लागलं, अशी तिकडची आठवण आहे. त्याने पुन्हा लग्न केलं आणि १७०९ मध्ये तो वारला.

१३. दरीच्या दोन टोकांवरून एकमेकांना बघणाऱ्या प्रेमी जोडप्याची गोष्ट खरी का?

मुलगी खरी. एम्मट सिडॉल, चर्चसमोरच्या घरातली. तिच्या घरातले बहुतेक सगळे गेले. मुलगा रोलंड टॉर हा मिडलटनचा; त्याच्याबद्दलचं सगळं तोंडोतोंडी आलेलं आहे. गावातल्याच विल्यम वुड यांनी १८४२ साली गावाचा इतिहास लिहिला, आणि अशा बऱ्याच कथा त्यातूनच सर्वदूर गेल्या.

एक गोष्ट तपासून घ्या. एम्मट एप्रिल १६६६ च्या अखेरीस गेली. गावबंदी जूनची (प्रश्न ७). म्हणजे ‘शीव बंद असल्यामुळे भेटता आलं नाही’ हे जमत नाही. लांबूनच भेटत असतील तर ते दोघांनी आपणहून पाळलेलं अंतर होतं. मला ही गोष्ट अशीच जास्त भिडते.

१४. प्लेग उंदीर आणि पिसवांनी पसरतो ना? मग माणसांना कोंडून काय साधलं? उलट जास्तच मेले असतील.

हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो, आणि त्याला कारण आहे. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग लागला आणि मग तो पुण्यात, गावोगाव गेला. आपल्याकडे उंदीर मरून पडले की लोक घरं सोडून रानात झोपड्या घालून राहत. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात, त्यामुळे ते घर सोडणं हेच शहाणपण होतं. शास्त्र कळायच्या आधी हे अनुभवाने कळलं होतं. गावं ओस पडल्याच्या आठवणी अनेक घरांत आजही आहेत.

ईमच्या लोकांना उंदराचा दुवा माहीत नव्हता. घरात राहिल्याने काहींचा जीव गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. काही कुटुंबांनी दरीच्या बाजूला झोपड्या घातल्या होत्या, अशी परंपरा आहे; म्हणजे आपल्यासारखंच तिथेही कुणाला सुचलं होतं.

पण कोंडून घेणं निरुपयोगी ठरत नाही. २०१६ साली ईमच्या नोंदींवरून मृत्यूंचा क्रम गणिताने तपासला गेला. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाल्याचं अनुमान निघालं. माणसाच्या अंगावरच्या पिसवा-उवांतून किंवा फुप्फुसाच्या प्लेगमध्ये श्वासातून ती होऊ शकते. घरच्या घरी पुरणं, चर्चमधली गर्दी टाळणं, शीव न ओलांडणं या तिन्हींचा उपयोग झाला असणार.

पुण्यातल्या प्लेगशी तुलना करताना एक फरक विसरू नका. तिथे १८९७ मध्ये सरकारी सक्ती, घरात घुसून तपासण्या, आणि त्यातून रँडचा वध झाला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. ईममध्ये ठराव गावातल्याच माणसांनी मांडला आणि मांडणारे स्वतः आतच राहिले.

१५. ईमच्या वंशजांत प्लेगपासून वाचवणारा जीन सापडला म्हणतात?

वाचलेल्यांच्या वंशजांची तपासणी झाली होती, हे खरं. सीसीआर-५ या जीनचं एक बदललेलं रूप त्यांच्यातल्या काहींत आढळलं. तेच रूप एचआयव्हीपासून काही प्रमाणात संरक्षण देतं, म्हणून बातमी गाजली. नंतरच्या संशोधनात मात्र प्लेगशी त्याचा संबंध सिद्ध झाला नाही. हा मुद्दा पुढे पाठवू नका.

१६. प्लेगनंतर गाव उजाड झालं का?

नाही, आणि हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं. नोंदवहीत लवकरच पुन्हा लग्नं आणि बारशी दिसू लागतात. १६७० च्या दशकात गावाच्या मध्यावर राइट घराण्याने ईम हॉल नावाचा वाडा बांधला. तो आजही आहे. अठराव्या शतकात कड्याच्या बाजूला शिशाच्या श्रीमंत शिरा लागल्या आणि पाद्र्याची जागा चांगल्या कमाईची झाली. त्या काळच्या थॉमस सीवर्ड या पाद्र्याची मुलगी अ‍ॅना सीवर्ड १७४२ मध्ये ईमलाच जन्मली आणि पुढे कवयित्री म्हणून गाजली. चर्चच्या भिंतीवरची नक्षीदार सूर्यघडीही त्याच शतकातली, १७७५ ची.

मग शिसं मंदावलं. कापूस-रेशमाचं विणकाम आलं, चपला-बूट शिवायचे छोटे कारखाने आले. विसाव्या शतकात जुन्या खाणींतून फ्लोरस्पार नावाचा खनिज दगड काढला गेला. पूर्वी शिसं काढताना हाच दगड टाकाऊ म्हणून बाजूला पडायचा. आज उत्पन्नाचा मोठा भाग पाहुण्यांचा आहे.

१७. इंग्लंडमध्ये प्लेग पुष्कळ गावांत आला. मग नाव ईमचंच का?

डेव्हन परगण्यातल्या कॉलिटनमध्ये १६४५-४६ साली वर्षभरात सुमारे पाचवा हिस्सा लोक गेले, आणि ते गाव फारसं कुणाला ठाऊक नाही. ईमच्या बाबतीत पत्रं टिकली, मृतांची नावं टिकली आणि जागा तशाच राहिल्या. शिवाय १८६६ च्या द्विशताब्दीपासून गावाने आठवण जपायचं ठरवलं. एकट्याने दुःख भोगलं म्हणून नव्हे, ते लिहून ठेवलं म्हणून हे गाव आपल्यापर्यंत पोचलं.

१८. आम्हाला जायचंय. केव्हा जावं, आणि काय पाळावं?

ऑगस्टचा शेवटचा रविवार हा ‘प्लेग संडे’. त्या दिवशी कुकलेट डेल्फच्या दरीत उघड्यावर प्रार्थना होते. त्याच सुमाराला गावातल्या विहिरी सजवतात: लाकडी चौकटीत ओली माती थापून त्यात फुलांच्या पाकळ्या एकेक दाबून चित्र उभं करतात. ईममध्ये ही प्रथा १९५१ पासूनची. रांगोळी घालणाऱ्या हाताला ते काम बघताच ओळखीचं वाटेल. गावाचं छोटं संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झालं. आधी ते बघा, मग चालत फिरा. राइलीच्या कबरी आणि शिवेचा दगड दोन वेगळ्या वाटांवर आहेत, बूट चांगले घाला.

आणि एक विनंती. ज्या घरांवर मृतांच्या नावांच्या पाट्या आहेत, त्या घरांत आज माणसं राहतात. पाटी फाटकाबाहेरून वाचता येते. खिडकीतून आत डोकावू नका. मी एकदा गेले तेव्हा मेरी हॅडफील्डच्या त्या घराच्या पायरीवर कुणीतरी चिखलाचे बूट वाळत ठेवले होते.